तीन अंकी संगणक संमेलन

फाल्गुनात आमच्याकडे सागाची पानं गळतात. अंगण झाडून कमरेवर हात ठेवून मागे बघावं, तर झाडलेल्या जागेवर नवीन पान येऊन पडलेलं! किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून हात झटकावेत, तोवर मागे दुसरा हजर. अर्धं आयुष्य मी सॉफ्टवेअर लिहिण्यात घालवलं. लिहिलेलं सगळं कोणी ना कोणी कधीच पुसून टाकलंय. किस्से मात्र कोणाला पुसता आले नाहीत.

मी मूळचा चंद्रपूरचा. पुण्यात नोकरी केली, परदेशात हिंडलो आणि एके दिवशी लॅपटॉप काखोटीला मारून घरी परत आलो. या किश्श्यांत माझ्यासोबत दोन माणसं कायम असतात. एक गजाभाऊ. आरमोरीला त्याचा मंडप आणि साउंड सिस्टिमचा धंदा आहे, आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या भोंग्यांपेक्षा मोठा आहे. दुसऱ्या वनिताबाई. आरमोरीजवळच्या एका कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवतात. बोलतात कमी, पण बोलल्या की समोरचा घरी जाऊन विचार करतो.

मी किस्सा सांगताना चवीपुरतं मीठ घालतो, हे आधीच सांगून ठेवतो.

गजाभाऊ म्हणतो, "चवीपुरतं? हा तं मिठाच्या पोत्यात किस्सा बुडवते गा!"

*

चंद्रपूरला आल्यावर मी घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायचो. रोज सकाळी व्हिडिओवर मीटिंग. काल काय केलं, आज काय करणार आणि कामात अडथळा काय, एवढं प्रत्येकाने सांगायचं. माझा मॅनेजर अत्यंत सज्जन माणूस. आयुष्यात त्याला भीती वाटावी असं एकच जनावर त्याने पाहिलेलं होतं, ते म्हणजे सोसायटीच्या चेअरमनचं कुत्रं.

मला उशीर झाला की मी कारण द्यायचो, "वाघ आला होता."

आधी सगळे हसले. मग कंटाळले. मग मॅनेजर म्हणाला, "वाघ सोडून दुसरं काही कारण मिळतं का तिकडे?"

एका सकाळी मीटिंग चालू असताना बाहेर कालवा झाला. आमची कॉलनी गावाच्या टोकाला, मागे सगळं झुडपी रान. थाळ्या वाजायला लागल्या, फटाके फुटले, वनखात्याची गाडी आली. नेमकी माझी पाळी होती.

"अडथळा काही?" मॅनेजरने विचारलं.

मी लॅपटॉप उचलला आणि खिडकीकडे वळवला. समोर कॉलनीची पाण्याची टाकी. टाकीवर आमचे सगळे शेजारी ओळीने बसलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडात ब्रश! पेस्टचा फेस हनुवटीवर आलाय, पण थुंकायला कोणी वाकत नाही.

मॅनेजर स्क्रीनजवळ वाकला. मग हळूच म्हणाला, "सगळ्यांचं झालं की सावकाश जॉइन व्हा."

आता यातली खरी गंमत सांगतो. त्या दिवशी वाघ मला दिसलाच नाही. पुण्यापासून परदेशापर्यंत वाघ सांगत फिरलो, पण तोवर मी वाघ म्हणून कधी पाहिलेलाच नव्हता!

*

कंपनीने मला एकदा फिनलंडला पाठवलं, एका कॉन्फरन्सला. तिथे एलिना भेटली. दूरदूर ठेवलेल्या कॉम्प्युटरांचं आपापसात एकमत कसं करायचं, हा तिचा विषय. त्यातलं एखादं मशीन बिघडलं, किंवा चक्क खोटं बोलायला लागलं, तर बाकीच्यांनी काय करायचं? या एका प्रश्नात बाईने केस पांढरे केले होते.

कॉन्फरन्स संपल्यावर ती आम्हाला जंगलात घेऊन गेली. काय जंगल होतं! झाडं अशी सरळ, की देवाने ओळंबा धरून लावली असावीत. मधे एक तळं, त्यावर सुरकुतीसुद्धा नाही. आणि शांतता इतकी, की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

मी तिला विचारलं, "इथे भ्यायचं कोणाला?"

"कोणालाच नाही."

मला करमेना!

ती झुडपांवरची निळी फळं तोडत होती. म्हणाली, आमच्याकडे कोणीही कोणाच्याही जंगलातली फळं घ्यावीत, तशी रीतच आहे. मग मी आमचं सांगितलं. गडचिरोलीच्या जंगलात मोहाचं कोणतं झाड कोणत्या घराचं, हे आज्या-पणज्यापासून ठरलेलं असतं. कुंपण नाही, पाटी नाही. खाली फुलांचा सडा पडलेला असतो, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही.

एलिना तोडायची थांबली. "आणि उचललं तर?"

"उचलतच नाही."

"पण समजा उचललंच?"

मी म्हणालो, "वाघ येतो."

तिचे डोळे असे मोठे झाले. "तुमच्या जंगलात कॉन्फरन्स होते का?"

"होते ना! दरवर्षी!" मी म्हणालो. कसली कॉन्फरन्स आणि कसलं काय! पण तळ्याकाठी तोंडातून निघालेलं वाक्य परत घ्यायला पाण्यावर एक तरंग तरी असावा लागतो.

"मग मीही येणार," एलिना म्हणाली.

*

परत आल्यावर हे मी हसत हसत वनिताबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घेऊनच टाका. मले कामाची आहे ती कॉन्फरन्स."

त्यांची अडचण अशी होती. कॉलेजातला त्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग बंद होण्याच्या वाटेवर होता. संस्थेचे सचिव म्हणजे दादासाहेब. फेटा नसला तरी फेटा असल्यासारखं चालणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं, "मॅडम, या जंगलात कॉम्प्युटर कोणाले पाह्यजे? पोट्टे येत नाईत. त्या खोलीत मी शिलाई मशिनी लावतो."

आणि त्याच खोलीत वनिताबाईंनी सोमीसारखी मुलगी घडवली होती. सोमी अहेरीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. वर्गात आली तेव्हा माऊसला हात लावायला भ्यायची. आज अहेरीत बसून ती दूरदेशच्या कंपन्यांची कामं करते. तिच्यासारख्या आणखी पोरी यायच्या तर ती खोली टिकायला हवी होती.

दादासाहेब म्हणाले, "एवढी जगातली माणसं येऊन राह्यली म्हणता, तं एकदा मंडप भरून दाखवा. भरला तं वर्ग चालू. नाई भरला, तं बंद!"

*

पहिल्या वर्षी तारीख मी काढली. पुण्याच्या वक्त्यांना विचारलं, सुट्ट्या पाहिल्या आणि मार्चअखेरचा एक रविवार ठोकून दिला. सगळ्यांना कळवूनही टाकलं. एलिनाला तेव्हा जमत नव्हतं. देवाची कृपा!

रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलवर गेलो तर कुलूप. शिपाई नाही, आचारी नाही, विद्यार्थी नाहीत. पुण्याहून आलेले दोन वक्ते गळ्यात ओळखपत्रं अडकवून पायरीवर बसलेले.

गजाभाऊ भोंगे घेऊन आला आणि मला म्हणाला, "तारीख काढतानी झाडाले विचारलं होतं काय?"

"कोणत्या झाडाला?"

"अरे, मोह पडून राह्यला ना बाप्पा! या दिवसांत पहाटे लग्नातला नवरदेव नाई सापडत. तुही कॉन्फरन्स कोण पाह्यते?"

वनिताबाईंनी कपाळाला हात लावला. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "ते येत नाईत तं आपण जाऊ."

आम्ही जंगलात गेलो. आणि पुण्याचे ते दोघे वाटेतच थांबले. सगळं जंगल गोड वासाने भरलेलं. पानं गळून झाडं उघडी झालेली, आणि त्या उघड्या फांद्यांवरून फुलं टपटप पडतायत. पिवळसर, रसाळ, मोत्यांसारखी. झाडाझाडाखाली बायामाणसं, आमचे सगळे विद्यार्थी, टोपल्या घेऊन वेचतायत. आवाज म्हणजे फक्त ती टपटप. गजाभाऊसुद्धा हळू बोलायला लागला, यावरून काय ते समजा!

त्यातल्या एका वक्त्याने तिथेच, झाडाखाली, भाषण दिलं. मुलं वेचता वेचता ऐकत होती, मान वर न करता. मधेच एखादा खालूनच प्रश्न विचारायचा. भाषण संपल्यावर तो मला म्हणाला, "सर, इतक्या नम्रपणे वाकलेला श्रोता मला आयुष्यात मिळाला नाही!"

इकडे ठरल्या वेळी दादासाहेब हॉलवर पोहोचले. कुलूप तोवर उघडलं होतं. आत रिकाम्या खुर्च्या, आणि पहिल्या रांगेत एक शेळी, पाहुण्यांसाठी आणलेला हार मनापासून खात असलेली.

"मॅडम," आम्ही परतल्यावर दादासाहेब म्हणाले, "तुमच्या श्रोत्याले कार्यक्रम लई आवडलेला दिसते."

वनिताबाईंनी आणखी एक संधी मागून घेतली. शेवटची!

*

दुसऱ्या वर्षी आम्ही तारीख झाडांना विचारून काढली. धान कापून झालेलं, मळणी आटोपलेली, हवेत गारवा. आणि माणसं गोळा करायला मी अहेरीच्या पलीकडे निघालो, सोमीच्या गावी.

तिकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग आणि ऐनाची झाडं अशी उभी असतात, की गाडी आपोआप हळू होते. माणूस उगीचच शर्टाची बटणं लावतो.

गावाची सभा बसली. मी उभा राहिलो आणि संमेलनाचं वर्णन केलं. अंमळ खारट झालं असेल. देशोदेशीचे लोक येतील म्हणालो, विमानं उतरतील असंही काहीतरी बोललो. सोमी ते गोंडीत सांगत होती, आणि मला वाटतं, निम्मं गाळत होती.

आता त्या गावची रीत बघा. मतदान नाही, हात वर करणं नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. एक जरी माणूस तयार नसेल तर निर्णय नाही! पुण्यात आमची टीम निर्णय चहा गरम असताना घ्यायची आणि गार व्हायच्या आत बदलायची. इथे उन्हं या झाडावरून त्या झाडावर गेली, तरी कोणाला घाई नाही. एकेक जण बोलला. सगळे हो म्हणाले.

राहिली एकटी जानोबाई. सोमीच्या नात्यातली, गावातली सगळ्यात मोठी. ती माझ्याकडे बघत गप्प बसली होती. सगळे तिच्याकडे बघत गप्प बसले होते.

शेवटी ती सोमीच्या कानात काहीतरी बोलली. सोमी अवघडून मला म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का? आजी म्हणते, हा माणूस बोलायचा थांबला की मग विचार करता येईल."

मी बाहेर जाऊन एका चिंचेखाली उभा राहिलो. थोड्या वेळाने सोमी हसत आली. "झालं, सर! सगळे येऊ."

"सगळे म्हणजे किती?"

"सगळे म्हणजे सगळे. नाहीतर मग कोणीच नाही."

*

जाहिरातीचं काम गजाभाऊकडे होतं. हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. गजाभाऊ त्यांचे मंडप घालतो आणि ऑटोला भोंगे बांधून नाटकांचा पुकाराही करतो. लोक बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून येतात. घरोघरी पाहुणे. आणि तिथे 'वन्स मोअर' आला की नाही म्हणायची सोय नाही. गजाभाऊने डोळ्यांनी पाहिलंय, नायक छातीत गोळी लागून मेला, लोक रडले, मग 'वन्स मोअर' आला. नायक उठला, कपडे झटकले आणि पहिल्यापेक्षा बरा मेला!

तर या माणसाला मी सांगितलं, "संमेलनाचा पुकारा कर." त्याने केला. त्याला एकच पुकारा येत होता, तो त्याने केला.

मला हे कळलं नागभीडच्या स्टेशनवर. एलिनाला घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. ती गाडीतून उतरली, बाहेर आली आणि थबकली. समोरच्या भिंतीवर भलंमोठं पोस्टर.

"हसवणारे! रडवणारे! भव्य तीन अंकी संगणक संमेलन! फिनलंडच्या सुप्रसिद्ध नायिका एलिना यांच्या भूमिकेसह!" त्याखाली एलिनाचा फोटो, डोळ्यात चितारलेला एक अश्रू. आणि कोपऱ्यात लाल उजेडात दात विचकणारा मी. खाली अक्षरं, 'खलनायक'!

"गजाभाऊ, हे काय?" मी ओरडलो.

"काऊन, फोटो चांगला नाई आला काय?"

"मी खलनायक?"

"अरे बाप्पा, पोस्टरवर खलनायक नसन तं माणसं येत नाईत. वनिताबाईचं तोंड तं पाहून राह्यला तू, किती साजरं आहे. अन् दादासाहेबाले खलनायक केलं असतं, तं वर्ग कालच बंद झाला असता. मंग उरला कोण?"

एलिनाने मला अर्थ विचारला. मी सांगितला. ती पोस्टरला हात लावून म्हणाली, "इतक्या वर्षांत मला इतकं मोठं कोणी छापलं नव्हतं."

*

नागभीडहून निघालो. गजाभाऊ गाडी चालवत होता. जंगल लागलं तशी एलिना मागून म्हणाली, "आता तुझा वाघ दाखव."

मी सुरू झालो. इथे वाघ कसा असतो, तिथे कसा बसतो, एकदा माझ्या स्कूटरमागे कसा धावला...

"चूप," गजाभाऊ म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं.

समोर वळणावर, रस्त्याच्या मधोमध, तो बसला होता.

मी यात काही घालत नाही. घालायला जागाच नव्हती. सगळा रस्ता त्याने भरून गेला होता. उन्हं कलती होती आणि त्याच्या अंगावर पेटल्यासारखी दिसत होती. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं. माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी त्या एका नजरेत खाली बसल्या.

मागून एसटी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. बसमधलं कोणी बोललं नाही, एक तान्हं मूलसुद्धा रडायचं थांबलं. कंडक्टरने खिडकीतून पाहिलं आणि हात जोडले. जंगलात त्याचं नाव घेत नाहीत. गजाभाऊ ओठांतल्या ओठांत म्हणाला, "मोठे मालक आहेत. त्यायचं होऊ द्या."

मग तो उठला. घाई अशी नाहीच. एकेक पाय उचलून ठेवत रस्ता ओलांडला आणि गवतात शिरला. गवत हललंसुद्धा नाही!

गजाभाऊने गाडी सुरू केली. मग एलिना म्हणाली, "तू सांगत होतास ते सगळं खरं होतं."

"नाई जी," गजाभाऊ म्हणाला. "आतापर्यंतचं सगळं खोटं होतं. हे एवढंच खरं."

*

आणि संमेलनाचा दिवस उजाडला. दुपारपासून माणसं यायला लागली. बैलगाड्या, ट्रॅक्टर, सायकली. सतरंज्या, घोंगड्या, चिवड्याचे डबे. अहेरीकडून एक अख्खी बस आली. सोमीचं गाव, सगळं म्हणजे सगळं, आणि पहिल्या सीटवर जानोबाई. गजाभाऊचा मंडप भरला, मग बाहेरचं शेत भरलं, मग झाडं भरली. मी जगातल्या कुठल्या कॉन्फरन्समध्ये एवढी माणसं पाहिली नव्हती. वनिताबाई पडद्याआडून बघत होत्या.

"दादासाहेब," मी म्हणालो, "मंडप भरला!"

दादासाहेब सोफ्यावर बसले होते. शांतपणे म्हणाले, "भरला ना. पण हे नाटकाले आले, सर. कॉम्प्युटरले कोण आलं, ते सांगा."

एलिना स्टेजवर गेली. पण दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरचं पडद्यावर काही दिसेना. ती बोलायला लागली, सोमी मराठीत सांगायला लागली. थोड्याच वेळात मागून आवाज आला, "नाटक चालू करा नं जी!" मग दुसरा. मग सगळा मंडप. माणसं घोंगड्या झटकून उठायला लागली. दादासाहेब माझ्याकडे बघून नुसते हसले.

तेव्हा कमी बोलणाऱ्या वनिताबाई पुढे आल्या आणि त्यांनी माईक घेतला.

"मायबाप, बसा! नाटकच आहे हे!"

मंडप बसला.

"पाच कॉम्प्युटर आहेत. पाच गावांत. त्यायले मिळून एक निर्णय घ्यायचा आहे. पण त्यातला एक जण खोटं बोलते. प्रत्येकाले वेगवेगळं सांगते. बाकीच्यायनं त्याले कसं ओळखायचं, हे नाटक आहे. खलनायक तुम्ही पोस्टरवर पाह्यलाच आहे!"

शिट्ट्या! मला कोणीतरी मागून स्टेजवर ढकललं. तो गजाभाऊ होता. मी पहिलं मशीन, तो स्वतः दुसरं. एलिना तिसरं. सोमी जानोबाईचा हात धरून तिला घेऊन आली, ती चौथी.

"अन् पाचवं मशीन," वनिताबाई म्हणाल्या, "आपले दादासाहेब!"

टाळ्यांचा असा पाऊस पडला की दादासाहेबांना उठावंच लागलं.

"आता निर्णय सांगते," वनिताबाई म्हणाल्या. "आपल्या कॉलेजातला कॉम्प्युटरचा वर्ग चालू ठेवाचा, का बंद कराचा?"

दादासाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग मी पाहिला. पण स्टेजवरून खाली उतरणारा नट झाडीपट्टीत अजून जन्माला यायचाय!

मी कामाला लागलो. गजाभाऊजवळ जाऊन म्हणालो, "माझं मत चालू." दादासाहेबांजवळ जाऊन म्हणालो, "माझं मत बंद. आणि गजाभाऊचंही बंद."

"खोटं बोलते! खोटं बोलते!" मंडप ओरडला.

एलिनाला तिसरंच सांगितलं. लोक उभे राहून मला शिव्या घालायला लागले. एक चप्पल कानावरून गेली. इतकं प्रेम मला कोणत्याही भाषणात मिळालं नव्हतं!

"आता एकमेकायले विचारा," वनिताबाई म्हणाल्या, "कोणी काय सांगतलं ते!"

दादासाहेबांनी तरुणपणी नाटकात स्त्रीपार्ट केले होते, हे मला नंतर कळलं. त्यांच्या जे अंगात आलं! तरातरा गजाभाऊकडे गेले. "याने तुले काय सांगतलं?" मग एलिनाकडे. मग भर स्टेजवर माझी कॉलर धरून गरजले, "मायबाप! खोटारडा सापडला!"

मंडप कोसळायचा बाकी राहिला. एलिना डोळे पुसत सोमीला म्हणाली, "अगदी हेच! अर्धं आयुष्य मी हेच सांगतेय. पण यावर शिट्टी कोणी कधी वाजवली नव्हती!"

"आता निर्णय!" वनिताबाई म्हणाल्या.

"चालू!" गजाभाऊ.

"चालू!" एलिनाने नुकताच शिकलेला शब्द म्हटला.

दादासाहेबांनी मंडपाकडे पाहिलं. हात उंचावला. "चालूऽऽ!"

राहिली जानोबाई. ती गप्प.

मंडप थांबला. फिनलंडच्या तळ्याकाठी होती, मोहाच्या झाडाखाली होती, त्या वळणावर होती, तीच शांतता. हजारो माणसं श्वास धरून एका म्हातारीकडे बघत होती. सोमीच्या गावची माणसं तेवढी आरामात बसली होती, त्यांना सवय होती. वनिताबाईंनी डोळे मिटून घेतले.

वेळ गेला. दादासाहेबांना घाम फुटला. शेवटी त्यांनी, ज्यांना त्या खोलीत शिलाई मशिनी लावायच्या होत्या त्यांनी, भर स्टेजवर जानोबाईपुढे हात जोडले. "बाई, म्हणा नं जी चालू! लोक पाहून राह्यले! एवढे दूर दूरचे पोट्टे-पोट्टी आहेत, त्यायनं कुठी शिकावं?"

जानोबाई सोमीच्या कानात बोलली. सोमीने माईक तोंडाशी नेला.

"आजी म्हणते, पहिले याले खाली उतरवा."

गजाभाऊने माझे पाय धरले, दादासाहेबांनी हात. मला स्टेजवरून खाली गवतात ठेवण्यात आलं. तिथे पडल्या पडल्या मी जानोबाईचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बारीक, पण मंडपाच्या टोकापर्यंत गेलेला.

"चालू."

पुढचा गदारोळ मी सांगू शकत नाही. घोंगड्या हवेत उडाल्या, एवढं आठवतं. आणि मग शेताच्या पार पलीकडून, झाडावरून, आरोळी आली,

"वन्स मोऽऽअर!"

सगळा मंडप, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

मला उचलून परत स्टेजवर ठेवलं. जानोबाई परत गप्प झाली. दादासाहेबांनी धोतराचा सोगा सावरला, घसा खाकरला, परत जानोबाईपुढे हात जोडले, आणि पहिल्यापेक्षा बरं रडले. मला परत गवतात टाकलं. जानोबाई परत "चालू" म्हणाली.

टाळ्या थांबायची वाट पाहून वनिताबाईंनी माईक हातात घेतला.

"दोनदा झालं, दादासाहेब. मंग दोन वर्ग धरू ना?"